निळ्यातली पांढरी जागा

१

पोलगॅरो गावात पोस्टमन डेन्झिल हॉकिंगवर पत्रांच्या बाबतीत सगळ्यांचा भरवसा होता, आणि बाकी कशाच्याही बाबतीत कुणाचाच नव्हता. माणूस बावन्न वर्षांचा, पण खोड्या शाळेतल्या. बेकरीवाल्या मेरिनला सरकारी लिफाफ्यातून रबरी उंदीर पाठवायचा. रिटायर झालेले पेट्रॉक मास्तर बाहेर पडायच्या आत त्यांच्या छत्रीत पीठ भरून ठेवायचा. गावात न केलेल्या खोड्याही त्याच्याच नावावर जायच्या, आणि तोही कधी नाही म्हणायचा नाही. फुकट मिळालेलं नाव कोण सोडतं.

रविवारी हे तिघंही लव्हडे ट्रेव्हेलाच्या माडीवर जमायचे. माडी बंदराला लागून. पूर्वी तिथे मासे खारवायचे. भिंतींत इतकं मीठ मुरलेलं की भर उन्हाळ्यातही हात लावला तर ओल लागायची, आणि अंगण तापलं की दगडांतून माशांचा वास वर यायचा. जिन्याच्या कठड्यावर एक जाडा सीगल कायम बसलेला. लव्हडे त्याला बिशप म्हणायची. तो कुणाच्याही हातातली पेस्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेली मोठी करंजी, पळवायचा आणि कुणासाठीही बाजूला सरकायचा नाही. लोकच त्याला वळसा घालून वर जायचे.

लव्हडे निळी चित्रं छापायची. कॅमेरा नाही, काही नाही. दोन क्षारांचं पाणी एकत्र करून आतल्या अंधाऱ्या खोलीत ते ब्रशानं सुती कापडाला फासायचं नि वाळवायचं. कापड पिवळट हिरवं दिसतं, आजारी माणसासारखं. मग त्यावर शेवाळ, पिसं, जाळ्याचे तुकडे, जे असेल ते ठेवून उन्हात न्यायचं. ऊन लागतं तिथे कापड रंग धरतं, वस्तूच्या खाली कोरं राहतं. शेवटी पाण्यात बुचकळलं की झालं.

नवीन कुणी शिकायला आलं की लव्हडे एकच वाक्य सांगायची. "निळं म्हणजे तिथे कुणी नव्हतं. पांढरं म्हणजे कुणीतरी होतं. एवढं समजलं की बाकी सगळं धुणं-वाळवणं आहे."

बिघडलेलं कापडही ती फेकायची नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात घातलं की निळा रंग निघून जातो, आणि कापड पुन्हा कोरं. मेरिनच्या घरातल्या निम्म्या चादरी म्हणजे अशी पुसलेली चित्रंच होती.

पण हे सगळं आता संपणार होतं. लव्हडेच्या छातीत पाणी होतं, आणि डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की या मिठाच्या ओलीत आणखी एक हिवाळा काढायचा नाही. तिचा मुलगा जॅगो ब्रिस्टलला होता. त्यानं तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. माडीला गिऱ्हाईकही मिळालं होतं. जूनअखेर लव्हडेनं फक्त सही करायची होती. 'करते' म्हणायलाच तिला दोन वर्षं लागली होती.

म्हणून मे महिन्याच्या त्या रविवारी ठरलं, आठवण म्हणून चौघांचं एक मोठं कापड करायचं. चौघांनी त्यावर आडवं व्हायचं.

२

डेन्झिल रिकाम्या हातानं कसा येईल. आदल्या दिवशी त्यानं पार्सलच्या पुठ्ठ्यावर आपला डावा पंजा ठेवून पेन्सिल फिरवली होती, आणि मग रेघेच्या बरंच आतून कापत एक छोटा, पोराएवढा हात तयार केला होता. करंगळीपाशी कात्री सटकली आणि करंगळीचं टोक तिरकं उडालं. 'चालतंय,' तो म्हणाला. बेत असा की पेट्रॉक मास्तरांच्या कानाजवळ हा हात ठेवायचा. कापड धुतलं की मास्तरांचा कान पिळणारा हात दिसणार. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कान पिळलेल्या माणसाला हे मिळायलाच हवं.

आता या कामात एक गडबड असते. कापड अंधारातून गुंडाळून आणायचं आणि उन्हात उलगडलं की झटकन आडवं व्हायचं, कारण ऊन कुणासाठी थांबत नाही. एकदा पडलं की वीस मिनिटं हलायचं नाही.

"मास्तर, तुम्ही माझ्या शेजारी," डेन्झिल म्हणाला.

"तुझ्या शेजारी झोपायला मी काय वेडा आहे?" मास्तर म्हणाले, पण आले.

कापड उलगडलं. चौघंही धडपडत पडले. ऊन थेट तोंडावर, डोळे उघडायची सोय नाही. कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी बरगडीत गेलं, मेरिन हसली, मग सगळं गप्प झालं. डेन्झिलनं अंदाजानं शर्टाखालून पुठ्ठा काढला आणि शेजाऱ्याच्या अंगाजवळ हळूच ठेवला. कान काही सापडला नाही, पण बोटांना बोटं लागली, तिथेच सोडला.

"पाच मिनिटं झाली," पेट्रॉक मास्तरांचा आवाज आला.

आवाज पार पलीकडच्या टोकाकडून आला.

मास्तर शेवटच्या क्षणी जागा बदलून तिकडे गेले होते. मग शेजारी कोण? श्वासातली घरघर ऐकू आली आणि कळलं. लव्हडे. आता पुठ्ठा उचलला तर अर्धवट धुरकट डाग पडणार, आणि हललो तर स्वतःची आकृती जाणार. राहू दे, तो मनात म्हणाला. हसतील नि सोडतील.

३

अंगणात पूर्वी मासे धुवायचा दगडी हौद होता. चौघांनी चार कोपरे धरून कापड त्यात सोडलं. पिवळं पाणी सुटलं आणि खालून निळा वर यायला लागला. हा क्षण डेन्झिलला फार आवडायचा. बंद खोलीत कुणीतरी हळूहळू दिवा वाढवावा तसं व्हायचं.

"मास्तर, तुमचं पोट बघा," मेरिन म्हणाली. "ब्रिस्टलपर्यंत दिसेल."

"ती सावली आहे."

"सावलीला कुणी दोन पेस्ट्या घालत नाही."

हसत होते सगळे. आणि मग लव्हडेच्या पांढऱ्या आकृतीपाशी, तिच्या उघड्या डाव्या तळव्यात एक छोटा पांढरा हात वर आला.

कुणी हसलं नाही.

आता डेन्झिललाही आठवलं, जे गावातल्या प्रत्येकाला आठवायला हवं होतं आणि जे कुणी कधी तोंडातून काढत नव्हतं. लव्हडेला एक मुलगी होती. केरा. सहा वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि तीन दिवसांत गेली. चौतीस वर्षं झाली होती.

लव्हडेनं पाण्यात हात घातला आणि ती पाच बोटं एकेक करून चाचपली. आखूड करंगळीपाशी थोडी थांबली.

"पाणी बदलूया," ती म्हणाली. बस, एवढंच.

मेरिन तोंड फिरवून रडत होती. पेट्रॉक मास्तर चष्मा पुसत होते. डेन्झिलनं तोंड उघडलं. 'अगं, तो पुठ्ठा आहे' हे शब्द जिभेवर आलेही होते. पण बोलायची एक वेळ असते. तो हौदाकडे बघत राहिला तेवढ्यात ती वेळ गेली.

४

बुधवारी लव्हडेनं जॅगोला फोन करून सांगितलं, सही करत नाही, इतक्यात तरी नाही. मेरिनकडून ही बातमी डेन्झिलला बेकरीत पावाबरोबर मिळाली.

"का म्हणे?"

"का म्हणजे? तू नव्हतास का तिथे?" मेरिन म्हणाली. "मी असते तर मीही हलले नसते."

पुढच्या रविवारी लव्हडेनं पुन्हा मोठं कापड काढलं. या वेळी डेन्झिलनं ठरवलं, काही आणायचं नाही. पुठ्ठ्याचा हात घरी स्वयंपाकघराच्या खणात, सुतळीखाली. हात दिसला नाही की आपोआप सगळं विरेल, 'मागच्या वेळी काहीतरी डाग असेल' म्हणून लोक सोडून देतील, असा त्याचा हिशेब. तो लव्हडेच्या शेजारीच पडला, आणि उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून दोन्ही हात छातीवर घट्ट बांधले.

वीस मिनिटं शांत गेली. वारा नव्हता. एकदा फक्त त्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे तो आणि लव्हडे यांच्या मध्ये, जरा गार वाटलं. ढग आला असेल म्हणून त्यानं पापण्यांतून किलकिलं बघितलं. आभाळ कोरं होतं.

हौदात कापड सोडलं. पेट्रॉक आले, मेरिन आली, लव्हडे आली, डेन्झिल आला, छातीवर हात बांधून, प्रेतासारखा.

आणि लव्हडेच्या डाव्या तळव्यात हात आला. मनगट आलं. मनगटामागे कोपरापर्यंतची बारीक काठी आली.

करंगळी आखूड होती. टोक तिरकं.

लव्हडेनं मान वर करून डेन्झिलकडे बघितलं, आणि ती हसली. फार मायेनं हसली. ते हसू त्याला त्या हातापेक्षा जास्त लागलं.

५

डेन्झिल मूर्ख नव्हता. खोड्या करणाऱ्याला दुसऱ्याची खोडी कशी बनते ते कळतं. तो आधी मास्तरांकडे गेला.

"मास्तर, तुम्ही केलंत का?"

"काय?"

"हात."

पेट्रॉक मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "हॉकिंग, तुझ्या तोंडून हा प्रश्न म्हणजे मांजरानं दूध कुणी प्यायलं विचारण्यासारखं आहे. पहिल्या दिवसापासून मला वाटतंय की हे तूच करतोयस, आणि तसं असेल तर तुझ्याइतका नीच माणूस या किनाऱ्यावर नाही. नसेल, तर ब्रश नीट फिरला नसेल. कोरी राहिलेली जागा पांढरीच दिसते."

"हाताच्या आकारात कोरी राहते?"

"माणसाला ढगातही हत्ती दिसतो. जा आता."

मेरिनला विचारलं तर तिनं लाटणं उचललं.

मग तो दुपारी लव्हडे दुकानात गेलेली बघून माडीच्या अंगणात शिरला. दोन्ही कापडं दोरीवर होती. खिशातून पुठ्ठा काढला आणि पहिल्या कापडावरच्या हातावर ठेवला. चपखल बसला. बसणारच, त्याचाच होता. मग दुसऱ्यावर ठेवला.

तोही चपखल. तिरकं टोक तिरक्या टोकावर. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

खणाला कुलूप नव्हतं हे खरं. पण तो एकटा राहत होता, आणि सुतळीचा गुंडा होता तसाच होता. समजा कुणी पुठ्ठा चोरला, पुन्हा ठेवला. मग कोपरापर्यंतची काठी? आणि ठेवला कधी? तो स्वतः लव्हडेपासून दोन बोटांच्या अंतरावर पडलेला होता. लव्हडेनं स्वतः केलं म्हणावं तर तिच्याकडे पुठ्ठा कुठून येणार.

दुसरं एक त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते झटकलं. केरा यायची असती तर केराच्या हातानं आली असती. हा हात केराचा नव्हता. हा पोस्टमन हॉकिंगनं घाईत कापलेला, बिघडलेला हात होता. ज्याला स्वतःचा हात नाही अशा कुणाला तो सापडला असेल, तर.

दोरीवर कापड स्वस्थ लटकत होतं. कठड्यावरून बिशप त्याच्या खिशाकडे बघत होता.

६

गुरुवारी अकराच्या सुमारास डेन्झिल टेकडीवरच्या रस्त्यानं पत्रं टाकत होता. तिथून माडीचं अंगण ताटातल्यासारखं दिसतं.

लव्हडे एकटी कापडावर पडली होती.

ऊन कडक. उताणी, डोळे मिटलेले, उजवा हात अंगालगत. डावा बाजूला पसरलेला, आणि त्याची बोटं मिटलेली. मूठ नव्हती ती. काहीतरी धरल्यावर बोटं मिटतात तशी.

डेन्झिल कुंपणाला टेकून उभा राहिला. हातातली वीजबिलं तशीच राहिली. झोप लागली असेल, झोपेत बोटं मिटतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्याला पटतही होतं.

मग बिशप कठड्यावरून खाली उतरला. लव्हडेच्या उशाशी केशर घातलेल्या गोड पावाचा तुकडा पडला होता. सीगल डुलत डुलत कापडावर चढला, हिरवट कापडावरून सरळ चालत निघाला, आणि लव्हडेपासून हातभर अंतरावर थांबला. कोऱ्या कापडासमोर. मान वाकडी करून त्यानं बघितलं. मग वळला, आणि त्या मोकळ्या जागेच्या कडेकडेनं, पायापासून डोक्यापर्यंत लांबच लांब वळसा घालून पलीकडे गेला.

पोलगॅरोत जो पक्षी पाद्र्यासाठी सरकत नव्हता, तो.

डेन्झिलनं उरलेली पत्रं कुठल्या दारात टाकली ते त्याला नंतर आठवेना.

७

दुपारी तो सरळ माडीवर गेला. लव्हडे हौदाच्या काठावर बसली होती, नाक नि कपाळ उन्हानं लाल. तो बसलाही नाही. पुठ्ठ्याचा हात काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"हे मी केलं. पहिल्या दिवशी. मास्तरांसाठी होतं, तुझ्यासाठी नव्हतं. त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. दे दोन थोबाडीत आणि जॅगोकडे जा, लव्हडे. एवढ्या कारणासाठी इथे ओलीत मरू नकोस."

लव्हडेनं पुठ्ठा उचलून बघितला. करंगळीच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"अरे डेन्झ्या, चौतीस वर्षं झाली म्हणून काय झालं. त्या पोरीची नखं मी कापली आहेत. माझ्या मुलीच्या करंगळ्या पुऱ्या होत्या. आणि पुठ्ठ्याची कड टोचत होती मला, वीस मिनिटं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास." ती जराशी हसली. "मला वाटलं, मुद्दाम केलंस. माझ्यासाठी. या गावात चौतीस वर्षं कुणी तिचं नाव घेतलं नाही. मी दुकानात गेले की लोक हवेबद्दल बोलतात. म्हटलं, निदान या गाढवाच्या तरी लक्षात आहे. मग मला इथून जावंसं वाटेना. एवढंच."

आणि मग ती केराबद्दल बोलायला लागली. केरा वाटाणे नाकात घालायची. जॅगोला पाळण्यातून खाली उतरवून त्याच्या जागी स्वतः झोपायची. बिशपच्या आधी एक सीगल होता, त्याला ती शाळेतल्या बाईंच्या नावानं हाक मारायची. डेन्झिल जमिनीवर बसून ऐकत होता, आणि मध्ये मध्ये दोघंही हसत होते. किती सोपं होतं हे, त्याच्या मनात आलं. कुणीही कधीही विचारू शकलं असतं.

"आणि आज तर कमालच केलीस," लव्हडे डोळे पुसत म्हणाली. "कामाच्या दिवशी. पत्रं तशीच सोडून आलास माझ्यासाठी."

"आज?"

"दुसऱ्या खेपेपासून पुठ्ठ्यावर बोटंही ठेवलीस ना, हात बांधल्याचं सोंग करून. कळलं मला. तुझीच बोटं होती, मऊ. पण इतकी गार कशी रे होती? आज तर सगळा वेळ धरून ठेवलास. मी डोळे नाही उघडले, म्हटलं बिचारा लाजेल. हे बघ, कापडावर किती पुढे नेलंयस."

तिनं हौदातून कापडाची कड वर ओढली.

हात. काठी. खांदा. खांद्यावर मानेचा उतार, आणि त्याच्या वर डोक्याच्या गोलाची सुरुवात. सावलीला तोंड नसतं. पण डोकं कुठे वळलंय ते कळतं. ते लव्हडेकडे वळलेलं होतं, जवळ, कानाशी काही सांगावं इतकं जवळ.

डेन्झिल बसल्या जागी मागे सरकला.

"डेन्झ्या?" लव्हडेचा आवाज बदलला. "तूच होतास ना?"

तिची बोटं मांडीवर हळूहळू मिटत होती. तिच्या तोंडावर जे यायला लागलं होतं ते त्यानं बघितलं, आणि आयुष्यभराची सवय कामाला आली.

"मग कोण, पाद्री?" तो म्हणाला. "येताना नळाखाली हात धरले होते अर्धा तास. खोडी करायची तर नीट करावी."

"आणि पत्रं?"

"उशिरा टाकली. तक्रार कर."

लव्हडेनं मोठा श्वास सोडला, छातीत घरघर वाजेपर्यंत, आणि त्याच्या पाठीत जोरात धपका घातला.

८

त्या धपक्यानं तिच्यातलं काहीतरी सुटलं. तिनं तिथूनच जॅगोला फोन लावला. "सही करते," म्हणाली. "हो. शनिवारी ये. गाडी मोठी आण." पुठ्ठ्याचा हात तिनं फाडून चुलीत टाकला. मग धुण्याच्या सोड्याचा डबा घेऊन खाली आली.

"हे काय?"

"पहिलं कापड माझं, आठवणीचं. या बाकी दोनांवर माझ्यापेक्षा तूच जास्त आहेस. पुसून टाकते. चांगलं सुती आहे, छोट्या रुअनच्या पलंगाला दोन चादरी होतील." रुअन जॅगोचा मुलगा, तीन वर्षांचा. पाळण्यातून नुकताच पलंगावर आला होता.

डेन्झिलला हलकं वाटलं. पुसलं जाऊ दे. त्यानं बाह्या सारल्या नि स्वतः सोडा ढवळला. दोन्ही कापडं आत सोडली. निळा रंग जांभळट झाला, मग पिवळा, आणि मग कडेकडून निसटायला लागला. आधी मास्तर आणि मेरिन पाण्यात विरले, मग तो स्वतः, छातीवर हात बांधलेला. शेवटी लव्हडे. पाणी चहासारखं झालं. दोघांनी पीळ देऊन कापडं दोरीवर टाकली. उन्हात तासाभरात ती खडखडीत वाळली. कोरी, पांढरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गेलं?" लव्हडेनं विचारलं.

"गेलं," तो म्हणाला.

आणि म्हणता म्हणता त्याच्या डोक्यात तिचं ते वाक्य उभं राहिलं, जे ती प्रत्येक नव्या माणसाला सांगायची. निळं म्हणजे तिथे कुणी नव्हतं.

त्यांनी निळं पुसलं होतं. पांढऱ्याला कुणी हातच लावला नव्हता. आतापर्यंत निदान दिसत होतं की ते कुठे संपतं.

कल्पना आहे ही, त्यानं स्वतःला बजावलं. सोडा आणि लोखंडाचा क्षार. मास्तर असते तर फळ्यावर लिहून दाखवलं असतं.

लव्हडेनं दोन्ही चादरींच्या घड्या घातल्या, छातीशी धरल्या आणि जिना चढायला लागली. कठड्यावर बिशप बसला होता. ती दोन पायऱ्या चढली, आणि बिशप उठला. कठड्याच्या टोकापर्यंत मागे सरकला, तिथेही थांबेना, आणि पंख पसरून धक्क्यावर गेला. लव्हडेच्या लक्षातही आलं नाही. डेन्झिलच्या आलं. खरं सांगितलं, तर ती पुन्हा इथेच राहणार, रोज उन्हात पडून बोटं मिटणार. नाही सांगितलं, तर शनिवारी मोठी गाडी येणार.

"लव्हडे," त्यानं हाक मारली. "त्या चादरी मला दे."

"तुला कशाला?"

"जातेस ना. काहीतरी आठवण नको?"

"कोऱ्या चादरीची आठवण?" ती वरून हसली. "आता यात काय खोडी आहे?"

"काही नाही. मी एकटा माणूस. चादरी फाटल्यात माझ्या."

तिनं दोन पायऱ्या उतरून घड्या त्याच्या हातात दिल्या. "घे बाबा. रुअनला ब्रिस्टलमध्ये चादरी मिळतील."

डेन्झिलनं त्या पोस्टाच्या पिशवीत कोंबल्या, पिशवी खांद्याला लावली आणि बंदराच्या भिंतीकडेनं घराकडे निघाला. तीनच वाजले होते. भिंतीवर नेहमीसारखे सीगल ओळीनं बसलेले. पोस्टमनसाठी ते कधी उठत नाहीत. आज तो जवळ आला तसा एकेक उठत गेला, आवाज न करता, शेवटपर्यंत. समोरून मेरिन येत होती. ती म्हणाली, "काय रे, कुणाची खोड काढून आलास?" तो म्हणाला, "माझीच."

चढावर त्याला गार वाटलं. अंगावर कडक ऊन होतं. त्यानं चालता चालता हात कोटाच्या खिशात घातले. डावा हात सहज आत गेला.

उजव्या खिशात जागा नव्हती.